सर्वांसाठी बंद : प्रिन्स एडवर्ड काउंटीतल्या शाळांचं प्रकरण

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आहे. राजधानी रिचमंडपासून नैऋत्येला साधारण शंभर किलोमीटरवर. तंबाखूची शेती, लाकडाचा धंदा, आणि फार्मव्हिल हे मुख्य गाव. जून १९५९ मध्ये या काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाने ठरवलं की येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात सरकारी शाळांसाठी पैसे ठेवायचे नाहीत. सप्टेंबरात शाळांना कुलपं लागली. ती सप्टेंबर १९६४ मध्ये उघडली.

मंडळाच्या निर्णयात वंशाचा उल्लेख नव्हता. गोऱ्या मुलांच्या शाळा बंद आणि कृष्णवर्णीय मुलांच्याही बंद. कागदावर पाहिलं तर भेदभाव शोधून सापडणार नाही. वंशविभाजनाबद्दल बोलताना आपल्या डोळ्यांसमोर वेगळे नळ, वेगळी बाकं, ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशा पाट्या येतात. इथे पाटी नव्हती. तरीही वंशविभाजनाच्या इतिहासातलं इतकं उघडंनागडं प्रकरण दुसरं क्वचितच मिळेल, असं माझं मत आहे. पाटी काढायला लावता येते. पण तिजोरीची किल्ली ज्याच्या हातात आहे त्याने पाटीसकट इमारतच बंद केली तर काय करायचं, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

डांबरी कागदाचे वर्ग

सुरुवात आठ वर्षं आधीची. १८९६ च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळं पण समान’ असेल तर चालेल असं म्हटलं होतं, आणि दक्षिणेकडच्या राज्यांनी त्यातला ‘वेगळं’ एवढाच शब्द मनावर घेतला. फार्मव्हिलमध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूल होतं. १९३९ मध्ये बांधलेलं, १८० विद्यार्थ्यांपुरतं. १९५१ पर्यंत तिथे साडेचारशेच्या वर मुलं शिकत होती. पालक वर्षानुवर्षं नवी इमारत मागत होते आणि स्कूल बोर्ड पुढच्या बैठकीचा वायदा करत होतं. मधल्या काळात बोर्डाने आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून तात्पुरत्या शेड उभ्या केल्या. बाहेरून त्या इतक्या केविलवाण्या दिसत की मुलं त्यांना कोंबड्यांची खुराडी म्हणत.

आत एक शेगडी. तिच्याजवळ बसणारा घामाघूम व्हायचा आणि भिंतीकडेचा अंगात कोट घालून कुडकुडायचा. शेगडी विझू न देण्याचं काम शिक्षकाचं, म्हणजे धडा मध्येच थांबायचा. पाऊस आला की छत गळायचं. गोऱ्यांच्या फार्मव्हिल हायस्कूलमध्ये व्यायामशाळा होती, कॅफेटेरिया होता, सामान ठेवायला लॉकर होते. मोटनमध्ये यातलं काही नव्हतं. बसगाड्यासुद्धा गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेल्या मिळायच्या.

त्या शाळेत बार्बरा जॉन्स ही सोळा वर्षांची मुलगी होती. एका सकाळी धाकट्या भावंडांच्या गडबडीत तिची बस चुकली. ती रस्त्यावर उभी असताना गोऱ्या मुलांची बस समोरून निघून गेली. बस अर्धी रिकामी होती. हा प्रसंग तिनेच पुढे लिहून ठेवला आहे. साधा प्रसंग, पण विभाजनाचा हिशेब त्यात नेमका दिसतो: जागा आहे, रस्ता एकच आहे, गावही एकच आहे, आणि तरी ती बस तिच्यासाठी थांबणार नाही.

तिने मोजक्या मुलामुलींना हाताशी धरलं आणि कुणाला कळू न देता बेत रचला. २३ एप्रिल १९५१ ला मुख्याध्यापकांना फोन गेला की आपल्या शाळेची काही मुलं बस स्टेशनवर पोलिसांच्या तावडीत सापडली आहेत. ते तातडीने बाहेर पडले. मग सगळ्या वर्गांत त्यांच्या नावाची चिठ्ठी फिरली: सभागृहात या. पडदा सरकला तेव्हा मंचावर मुख्याध्यापकांच्या जागी बार्बरा उभी होती. तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं, पायातला बूट काढून बाकावर आपटला आणि मुलांना संपाची हाक दिली. साडेचारशे मुलं शाळेबाहेर पडली. संप दोन आठवडे टिकला. ज्या मुख्याध्यापकांना त्या दिवशी फसवून बाहेर काढलं होतं त्यांनाही पुढे नोकरी गमवावी लागली. संप मुलांनी केला हे बोर्डाला पटेना, यामागे कुणीतरी मोठं असलंच पाहिजे असा त्यांचा ग्रह होता.

मागणी बदलते

मुलांना हवी होती नवी इमारत. त्यांनी रिचमंडच्या ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांशी संपर्क साधला. दोघेही एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेसाठी काम करत. संघटनेचं धोरण नुकतंच बदललं होतं: यापुढे ‘आमचीही इमारत त्यांच्यासारखी करा’ असे खटले लढवायचे नाहीत, थेट विभाजनावरच घाव घालायचा. वकिलांनी मुलांना सांगितलं की तुमचे पालक या मागणीमागे उभे राहिले तरच आम्ही केस घेऊ.

ही अट वाचताना सोपी वाटते. पण काउंटीतले बरेच कृष्णवर्णीय पालक गोऱ्यांच्या शेतात, गिरण्यांत, घरांत कामाला होते. कर्ज गोऱ्यांच्या बँकेचं, उधारी गोऱ्यांच्या दुकानात. नवी इमारत मागणं म्हणजे अर्ज. विभाजन मोडायला सांगणं म्हणजे उघड वैर. फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये पालकांच्या सभा झाल्या. तिथले पाद्री एल. फ्रान्सिस ग्रिफिन यांनी मुलांची बाजू लावून धरली आणि पालक तयार झाले. २३ मे १९५१ ला डेव्हिस विरुद्ध काउंटी स्कूल बोर्ड ऑफ प्रिन्स एडवर्ड काउंटी हा खटला दाखल झाला. त्यात ११७ विद्यार्थी वादी होते. यादीत पहिलं नाव एका शेतकऱ्याच्या चौदा वर्षांच्या मुलीचं होतं, खटल्याला तिचं आडनाव मिळालं. बार्बराला मात्र घरच्यांनी जिवाच्या भीतीने अलाबामातल्या माँटगोमेरीला काकांकडे पाठवून दिलं. हे काका म्हणजे व्हर्नन जॉन्स, तिथल्या डेक्स्टर अव्हेन्यू चर्चचे पाद्री. त्यांच्यानंतर त्याच चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आले.

१९५२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयाने मुलांच्या विरोधात निकाल दिला. इमारती समान करा, पण विभाजन ही इथली रूढी आहे, तिच्यामुळे दोन्हींपैकी कोणत्याच वंशाचं नुकसान होत नाही, असा निष्कर्ष. काउंटीनेही मग झटपट हालचाल केली. इतकी वर्षं ज्या इमारतीसाठी पैसे नव्हते ती १९५३ मध्ये उभी राहिली: नवं, आधुनिक मोटन हायस्कूल, आठ लाख डॉलरहून अधिक खर्चून. पैशांची अडचण खरी असती तर खटला दाखल होताच ती नाहीशी कशी झाली? विभाजन वाचवायचं असलं की काउंटी हात सैल सोडायला तयार होती. हा मुद्दा पुढे उलट्या बाजूने पुन्हा येणार आहे.

अपिलात हा खटला इतर चार खटल्यांसोबत ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या नावाखाली एकत्र झाला. १७ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सरकारी शाळांमधलं वंशविभाजन घटनाबाह्य आहे. या पाच खटल्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून जन्मलेला एवढा एकच. पण अंमलबजावणी कधी? वर्षभराने दुसऱ्या निकालात न्यायालयाने म्हटलं की हे काम सारासार विचार करून, पण शक्य तितक्या वेगाने व्हावं. तारीख दिली नाही. ज्यांना काही करायचंच नव्हतं त्यांना एवढी फट पुरेशी होती.

पूर्वतयारी

शाळा बंद करण्याचा निर्णय १९५९ मध्ये अचानक रागाच्या भरात झाला असं समजणं चूक ठरेल. १९५५ पासूनच पर्यवेक्षक मंडळ शाळांना वर्षाचा निधी एकदम न देता महिन्या-महिन्याने देऊ लागलं होतं, म्हणजे एकत्रीकरणाचा हुकूम आला की पुढचा हप्ता थांबवता यावा. १९५६ मध्ये चार हजारांवर गोऱ्या रहिवाशांनी सही करून कळवलं की मुलांना एकत्र शिकवण्यापेक्षा सरकारी शाळा नसलेल्या बऱ्या. ज्या काउंटीची सगळी लोकसंख्या पंधरा हजारांच्या आसपास, आणि त्यातही जवळजवळ निम्मी कृष्णवर्णीय, तिथे चार हजार सह्या म्हणजे बहुतेक सगळे प्रौढ गोरे.

राज्याचं धोरणही याला पोषक होतं. सिनेटर हॅरी बर्ड यांनी ब्राऊन निकालाला ‘प्रचंड प्रतिकार’ करण्याची हाक दिली होती आणि त्यातून असे कायदे आले की एखाद्या शाळेत एकत्रीकरणाचा आदेश लागू झाला की राज्य ती शाळा बंद करेल. सप्टेंबर १९५८ मध्ये नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि वॉरन काउंटीत तसं झालंही. जानेवारी १९५९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि फेडरल न्यायालयाने एकाच दिवशी हे कायदे रद्द ठरवले आणि त्या शाळा उघडल्या. नॉरफोक हे मोठं शहर. तिथे गोऱ्या मुलांचंही शिक्षण थांबलं होतं आणि व्यापारी वर्गाला त्याची झळ बसू लागली होती. राज्य मागे हटलं.

प्रिन्स एडवर्ड हटली नाही. मे १९५९ मध्ये अपील न्यायालयाने त्यांना सप्टेंबरपासून एकत्रीकरण सुरू करायला सांगितलं आणि पुढच्याच महिन्यात मंडळाने निधी शून्यावर आणला. राज्य शाळा बंद करू शकत नाही ना? ठीक, मग काउंटी करेल. बंदही नाही, नुसता कर बसवणार नाही. व्हर्जिनियाच्या रचनेत शाळांचा मोठा खर्च स्थानिक करातून यायचा, आणि तो कर बसवणं ही मंडळाच्या मर्जीची बाब मानली जायची. कुलूप लावणारा हात असा दिसतच नव्हता.

पैसा कुठून कुठे गेला

त्याच सप्टेंबरात प्रिन्स एडवर्ड अकॅडमी सुरू झाली. खाजगी, फक्त गोऱ्यांसाठी. वर्ग चर्चच्या खोल्यांत, रिकाम्या दुकानांत, जिथे जागा मिळेल तिथे. सरकारी शाळांतले जवळजवळ सगळे गोरे शिक्षक तिकडे गेले. पहिलं वर्ष देणग्यांवर निघालं. त्यानंतरची व्यवस्था बारकाईने पाहण्यासारखी आहे.

१९६० मध्ये राज्याने ‘शिक्षण अनुदान’ योजना आणली. कोणत्याही मुलाला, वंश न पाहता, खाजगी शाळेत शिकण्यासाठी १२५ किंवा १५० डॉलर. काउंटीने त्यावर आपले १०० डॉलर घातले. म्हणजे प्राथमिकच्या मुलामागे २२५ आणि हायस्कूलच्या मुलामागे २५०. शिवाय काउंटीतल्या खाजगी शाळेला देणगी देणाऱ्याला मालमत्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट. अकॅडमीचा मुख्य आधार आता हे पैसे झाले. सरकारी शाळांसाठी ज्याच्याकडून कर वसूल व्हायचा नाही तोच करदाता, तोच खजिना, पैसा फक्त वाट बदलून अकॅडमीच्या दारात.

पुन्हा पाहा: योजनेत वंश नाही. कृष्णवर्णीय मुलगाही २२५ डॉलर मागू शकत होता. पण ते घेऊन जायचं कुठे? काउंटीतली एकमेव खाजगी शाळा त्याला घेणार नव्हती. सगळ्यांना सारखाच पास द्यायचा आणि दार एकाच रंगाच्या माणसांसाठी उघडं ठेवायचं, असा हा व्यवहार.

डिसेंबर १९५९ मध्ये काही गोऱ्या मंडळींनी कृष्णवर्णीय मुलांसाठीही खाजगी शाळा काढून देण्याची तयारी दाखवली. साउथसाइड स्कूल्स नावाची संस्था नोंदवली गेली, अर्ज मागवले गेले. अर्ज आला एक. मुलं घरी बसलेली असताना पालकांनी हा प्रस्ताव का नाकारला, असं तेव्हाही विचारलं गेलं. शाळा स्वीकारली असती तर न्यायालयात काउंटीला सांगता आलं असतं: बघा, दोघांनाही शाळा आहे, तक्रार कसली? विभाजन सरकारी होतं ते खाजगी झालं असतं एवढंच, आणि खटला तिथेच संपला असता. पालकांचा निर्णय मला समजतो. पण त्याची किंमत ज्या मुलांनी मोजली त्यांना कुणी विचारलं नव्हतं हेही खरं. दहा वर्षांच्या मुलाला घटनेतलं समान संरक्षणाचं कलम काय समजणार? त्याला एवढंच दिसत होतं की शेजारची गोरी मुलं दप्तर घेऊन जाताहेत आणि आपण तंबाखूच्या शेतात चाललोय.

ऑगस्ट १९६१ मध्ये जिल्हा न्यायालयाने आदेश दिला की सरकारी शाळा बंद आहेत तोवर काउंटीने अनुदान आणि करसवलत द्यायची नाही. अकॅडमी तरीही तगली. फी भरू न शकणारी काही गरीब गोरी मुलं मात्र मधल्या मध्ये लटकली. त्यांची संख्या थोडी, आवाज त्याहून थोडा.

मधली चार वर्षं

सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा गेल्या. त्यांचं काय झालं याची एकच एक कथा नाही.

सगळ्यात मोठ्या मुलांची सोय आधी बघावी लागली, कारण त्यांचं शेवटचं वर्ष हातचं जात होतं. ग्रिफिन यांच्या खटपटीतून साठेक मुलं शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या किट्रेल ज्युनियर कॉलेजात गेली. क्वेकर पंथीयांच्या अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटीने आणखी काहींना उत्तरेकडच्या राज्यांत अनोळखी कुटुंबांकडे ठेवून शिकवलं. काही घरांनी मुलांना वॉशिंग्टन, बाल्टिमोर, रिचमंडच्या नातेवाइकांकडे पाठवलं. काहींनी शेजारच्या काउंटीतल्या मावशीचा, आजीचा पत्ता लावून तिथे नाव घातलं आणि मुलं रोज सीमा ओलांडून जाऊ लागली, कुणी विचारलं तर काय सांगायचं हे पाठ करून. एका घरातली चार भावंडं चार ठिकाणी, असंही झालं. एकाला पाठवायचं तर कुणाला, हे आईबापांनी चुलीपाशी बसून ठरवायचं. शक्यतो वरच्या वर्गातल्याला. म्हणजे धाकटे राहिले.

ते राहिलेलेच सर्वाधिक. चर्चच्या तळघरांत स्वयंसेवकांनी केंद्रं चालवली: थोडं वाचन, थोडं गणित, गाणी, खेळ. त्यांना मुद्दाम शाळा म्हटलं नाही, ‘शाळा आहे’ असं काउंटीला म्हणता येऊ नये म्हणून. मुलांचं मन रमावं, सवय मोडू नये, एवढाच हेतू. पहिलीत जायच्या वयाची जी मुलं होती ती नऊ-दहा वर्षांची झाली तरी वर्गाचा उंबरठा ओलांडलेली नव्हती. पंधरा-सोळाचे कामाला लागले. हातात पैसे येऊ लागल्यावर त्यातले पुष्कळ परत आले नाहीत. कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, ते पोटासाठी दुसऱ्या काउंट्यांत गेले, आणि समाजातला शिकलेला थर पातळ झाला.

गोऱ्यांमध्ये सगळे एका सुरात होते असं नाही. फार्मव्हिलच्या लाँगवुड कॉलेजचे डीन गॉर्डन मॉस उघडपणे शाळाबंदीविरुद्ध बोलले आणि त्यासाठी त्यांना बहिष्कार सोसावा लागला. उलट गावचं वृत्तपत्र, फार्मव्हिल हेराल्ड, संपादक जे. बॅरी वॉल यांच्या हाताखाली बंदीच्या बाजूने ठाम उभं होतं. मात्र वॉल आणि त्यांचे सहकारी आपल्या भूमिकेचं समर्थन वंशाच्या भाषेत क्वचित करत. त्यांचा शब्द होता स्थानिक स्वातंत्र्य: आमचा कर, आमचा निर्णय, वॉशिंग्टनने नाक खुपसू नये. या भाषेला आजही मान आहे आणि एरवी तिच्यात काही गैरही नाही, म्हणूनच तिचा आडोसा इतका सोयीचा ठरला.

तात्पुरत्या मोफत शाळा

१९६३ च्या मार्चमध्ये अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी एका भाषणात जगात मोफत सार्वजनिक शिक्षण न देणाऱ्या मोजक्या ठिकाणांची नावं घेतली. कम्युनिस्ट चीन, उत्तर व्हिएतनाम आणि आणखी दोन-तीन प्रदेशांच्या रांगेत त्यांनी प्रिन्स एडवर्ड काउंटी बसवली. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेला हे झोंबणारं होतं. त्या उन्हाळ्यात फार्मव्हिलच्या मुख्य रस्त्यावर मुलांनी निदर्शनं केली, दुकानांपुढे आणि चर्चपुढे. ज्या वयात शाळेत असायचं त्या वयात बरेच जण तुरुंगात जाऊन आले.

केनेडी प्रशासनाच्या प्रयत्नांतून खाजगी देणग्या गोळा झाल्या आणि १६ सप्टेंबर १९६३ ला प्रिन्स एडवर्ड फ्री स्कूल असोसिएशनच्या शाळा उघडल्या. विश्वस्त सहा: तीन गोरे, तीन कृष्णवर्णीय. अध्यक्ष राज्याचे माजी गव्हर्नर कोल्गेट डार्डन. काउंटीच्याच बंद इमारती भाड्याने घेतल्या. दीड हजारांवर मुलं आली, त्यात गोरी अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. डीन मॉस यांनी आपल्या मुलाला तिथे घातलं.

अधीक्षक नील सलिव्हन यांच्यापुढचा पहिला प्रश्न शिक्षणशास्त्राचा होता. इयत्ता ठरवायची कशी? दहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख नाही, त्याला सहा वर्षांच्यांत बसवलं तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. त्यांनी इयत्ताच काढून टाकल्या आणि प्रत्येक विषयात मुलाला जितकं येतं त्यावरून गट केले. काही मुलांना पेन्सिल धरायला शिकवण्यापासून सुरुवात होती. काही मोठ्यांना चार वर्षांत विसरलेलं परत मिळवायचं होतं. एका वर्षात जे शक्य होतं ते झालं. चार वर्षं भरून काढणं हे त्यातलं नव्हतं.

निकाल आणि त्यातली बारकी गोष्ट

२५ मे १९६४ ला ग्रिफिन विरुद्ध काउंटी स्कूल बोर्ड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ब्राऊनला दहा वर्षं पूर्ण होऊन आठवडा उलटला होता. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलं की १९५५ च्या निकालातल्या त्या विचारपूर्वक वेगाची मुदत आता संपली आहे.

काउंटीचा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने पोकळ नव्हता. राज्याला प्रत्येक काउंटीत सारखीच व्यवस्था ठेवावी लागत नाही. काउंटीने एखादी सेवा बंद केली तर तो धोरणाचा भाग आहे. आणि बंदी सर्वांना लागू आहे. न्यायालयाने पहिलं म्हणणं बऱ्याच अंशी मान्य केलं, काउंटी-काउंटीत फरक असू शकतो. पण फरक कशासाठी केला, हे पाहावं लागेल. वंशाशी संबंध नसलेल्या कारणाने शाळा बंद करता येतील की नाही हा मुद्दा वेगळा. इथे उद्देश एकच होता, गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एका शाळेत येऊ नयेत, आणि तो उद्देश घटनेत बसत नाही. नियमाचा मजकूर बाजूला ठेवून त्याचा इतिहास आणि परिणाम वाचणं, हे या निकालाचं खरं योगदान. १९५५ चे मासिक हप्ते, चार हजार सह्या, अनुदानाचा मार्ग, हे सगळं एकत्र ठेवलं की ‘सर्वांसाठी बंद’ या शब्दांचा अर्थ लपत नाही.

दुसरी गोष्ट उपायाची. न्यायालयाने म्हटलं की गरज पडल्यास जिल्हा न्यायालय मंडळाला कर बसवून शाळा चालवायला भाग पाडू शकतं. न्यायालयाने कर बसवायला लावणं ही साधी बाब नाही. दोन न्यायमूर्ती, क्लार्क आणि हार्लन, शाळा उघडण्याचा हुकूम देण्याच्या अधिकाराबाबत असहमत राहिले. ती वेळ शेवटी आली नाही. मंडळाने शाळा उघडल्या.

कशा उघडल्या ते मात्र पाहावं. मंडळाने जून १९६४ मध्ये सरकारी शाळांसाठी १ लाख ८९ हजार डॉलर मंजूर केले आणि खाजगी शिक्षण अनुदानासाठी ३ लाख ७५ हजार. म्हणजे अकॅडमीसाठी दुप्पट. अनुदानाला पुन्हा मनाई होणार याची चाहूल लागताच ऑगस्टच्या सुरुवातीला एका रात्री मंडळाची बैठक झाली, रातोरात सुमारे १ लाख ८० हजार डॉलरचे चेक गोऱ्या पालकांना वाटले गेले आणि न्यायालय हालचाल करायच्या आत ते वटवूनही घेतले. पुढे १९६६ मध्ये अपील न्यायालयाने मंडळ सदस्यांना यासाठी अवमानाचे दोषी धरलं. १९५३ मध्ये विभाजन वाचवायला काउंटीकडे आठ लाख सापडले होते. १९५९ मध्ये शाळेसाठी काहीच नव्हतं. १९६४ मध्ये मध्यरात्री पुन्हा पैसे सापडले.

नंतर

उघडलेल्या सरकारी शाळांत जवळजवळ सगळी मुलं कृष्णवर्णीय होती, आणि अकॅडमी गोरीच राहिली. कायद्याने विभाजन संपलं, काउंटीत ते आणखी बरीच वर्षं चालू राहिलं, फक्त एका बाजूची शाळा आता खाजगी होती. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रनियन विरुद्ध मॅक्रेरी खटल्यात खाजगी शाळांनाही वंशावरून प्रवेश नाकारता येणार नाही असं ठरवलं. १९७८ मध्ये अकॅडमीची करसवलत गेली. १९८० च्या दशकात तिने कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश दिला, १९९० च्या दशकात मोठी देणगी मिळून तिचं नाव फ्युकुआ स्कूल झालं. सरकारी शाळांत हळूहळू गोरी मुलं परतली.

जुन्या मोटन हायस्कूलची इमारत १९९८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरली आणि तिथे संग्रहालय उभं राहिलं. रिचमंडच्या राज्य विधिमंडळाच्या आवारात २००८ मध्ये संपकरी मुलांचं स्मारक झालं. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधला, म्हणजे संसद भवनातला, व्हर्जिनियाने दिलेला रॉबर्ट ली या यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सेनापतीचा पुतळा डिसेंबर २०२० मध्ये हलवला गेला आणि त्याच्या जागेसाठी राज्याने बार्बरा जॉन्स हिची निवड केली. ती स्वतः १९९१ मध्येच वारली होती. आयुष्यभर तिने ग्रंथपाल म्हणून काम केलं.

पुतळे आणि स्मारकं ठीक आहेत. भरपाईची बाजू जास्त अवघड निघाली. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने २००३ मध्ये शाळाबंदीबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव केला आणि वर्षभराने ब्राऊन शिष्यवृत्ती सुरू केली. निधी वीस लाख डॉलर, त्यातले निम्मे जॉन क्लूगे या उद्योगपतीने दिलेले. ज्यांचं शिक्षण बंदीमुळे तुटलं त्यांना शाळेची परीक्षा, व्यवसाय शिक्षण किंवा पदवीसाठी पैसे मिळणार होते. काही जणांनी साठीच्या उंबरठ्यावर परीक्षा दिल्या, काहींनी पदवीही घेतली.

पण शिष्यवृत्ती फक्त त्याला उपयोगी जो अजून शिकायला बसू शकतो. १९५९ मध्ये सात वर्षांचा असलेला, अक्षर न शिकताच मोठा झालेला आणि चाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत राबलेला माणूस तिचा अर्जसुद्धा दुसऱ्याकडून भरून घेणार. त्याचं नुकसान शिक्षणाचं होतं तितकंच मजुरीचं, पेन्शनचं आणि मुलांच्या अभ्यासाला मदत न करता येण्याचंही होतं. ते पैशात मोजून देण्याची तयारी राज्याने दाखवली नाही, आणि काउंटीच्या ज्या खजिन्यातून १९६४ च्या त्या रात्री चेक निघाले होते त्यावर या माणसांचा दावा कधी लागला नाही.